पंच्याऐंशी काय?

नाशकात पंचवटी कारंज्यापासून चार पावलांवर आमचं किराणा दुकान होतं. बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसले. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा दुकान भाड्याने दिलं, आणि आता संध्याकाळी गल्लीतली सहावी-सातवीची पोरं दशांश अपूर्णांकांची वही घेऊन माझ्या ओट्यावर येतात. मी बारावीपुढे शिकलेली नाही. पण पॉइंटचा हिशेब मला पक्का येतो, कारण तो मी चुका करून शिकले.

दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला त्या आठवड्यातली गोष्ट. समोरच्या वाड्यातल्या आजींनी किलोभर शेंगदाणे मागितले. मी ओतले, काट्यावर १.०८५ आलं. आजी म्हणाल्या, "राहू दे वरचे." तो काटा नुसतं वजन दाखवायचा, गुणाकार आपला आपण करायचा. भाव तीस रुपये किलो. मी मनाशी म्हटलं, एक किलो पंच्याऐंशी, आणि कॅल्क्युलेटरवर दाबलं १.८५. झाले ५५.५०.

"अगं सूनबाई, किलोभर दाण्यांचे साडेपंचावन्न? शेतच घेतलं का काय मी?"

खरा आकडा होता ३२.५५. मधलं एक शून्य गिळलं आणि २२ रुपये ९५ पैशांचा घोळ झाला. मामंजी मागे पोत्यावर बसून सुपारी कातरत होते. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, "पंच्याऐंशी काय?" मी म्हटलं, ग्रॅम. "मग ग्रॅम म्हणायचं होतं की. नुसत्या पंच्याऐंशीला बाप नसतो."

पुढे सगळी वर्षं मी पॉइंटच्या पुढचा आकडा त्याच्या बापाचं नाव लावूनच म्हटला. पंच्याऐंशी ग्रॅम. पंचावन्न पैसे. पोरांनाही मी हेच सांगते.

घरं भरून घ्या

किलोच्या काट्यावर पॉइंटच्या उजवीकडे तीन घरं असतात. पहिलं शंभर-शंभर ग्रॅमचं, दुसरं दहा-दहाचं, तिसरं एकेका ग्रॅमचं. शाळेत यांनाच दशांश, शतांश, सहस्रांश म्हणतात. १.०८५ मध्ये पहिल्या घरात शून्य आहे, म्हणजे शंभराचं एकही वजन नाही. दुसऱ्यात आठ, म्हणजे ऐंशी ग्रॅम. तिसऱ्यात पाच. एक किलो पंच्याऐंशी ग्रॅम. मी दाबलेल्या १.८५ मध्ये तिसरं घर रिकामं होतं. ते शून्याने भरलं की १.८५० होतं, म्हणजे एक किलो साडेआठशे ग्रॅम. आजींच्या पिशवीत नसलेले पाऊण किलोहून जास्त दाणे मी त्यांना विकत होते.

म्हणून वजन असेल तर पॉइंटपुढची तीन घरं भरा, पैसे असतील तर दोन. शेवटी शून्य लावल्याने किंमत बदलत नाही. मधलं शून्य काढलं तर मात्र सगळं बदलतं.

पोरं हमखास अडकतात ती जागा म्हणजे ०.८ मोठा की ०.७५? दहातली सात तरी ०.७५ म्हणतात, कारण पंच्याहत्तर आठापेक्षा मोठे. वाद घालायचा नाही, घरं भरायला सांगायचं. ०.८०० आणि ०.७५०. आठशे ग्रॅम पनीर जास्त की साडेसातशे? लगेच जीभ चावतात.

आणि पॉइंटच्या आधी काही नसेल तर तिथे शून्य लिहाच. .५ नको, ०.५ लिहा. गल्ल्यावरच्या चिठ्ठीत तो टिंब तेलाच्या बोटाने पुसला गेला की अर्ध्या किलोचे पाच किलो होतात. दुकानात ते निस्तरता येतं. बाळाच्या औषधाच्या कागदावर .५ मिलीचा टिंब दिसला नाही तर दहापट औषध पोटात जाईल. तिथे मी शून्यासाठी भांडतेसुद्धा.

जिभेवर आहेच की

खरं तर मराठी माणसाला दशांश शिकवायची गरज कमी. सव्वातीन म्हणजे ३.२५, साडेतीन म्हणजे ३.५, पावणेचार म्हणजे ३.७५. आपण घड्याळात, भाजीत, दुधात रोज हेच बोलतो. देवीची साडेतीन पीठं म्हणतात त्यातलं अर्धं पीठ आमच्या वणीचं, सप्तशृंगीचं. पोरांना सांगते, ३.५ लिहिलं की पॉइंटपुढचं पाच म्हणजे आपला गड. ते पाच नाही, अर्धं आहे. दहातले पाच.

मामंजींना जुनी पाढ्यांची पोथीच पाठ होती: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५, २.५ आणि ३.५ यांचे पाढे. साडेतीनाला औट म्हणतात हे आता माझ्या सुनेलाही ठाऊक नाही. त्यांचं बालपण सोळा आण्यांच्या रुपयात गेलं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तरी चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द राहिले, कारण २५, ५०, ७५ पैशांवर ते चपखल बसले. एक आणा मात्र कुठेच बसला नाही. १०० भागिले १६ म्हणजे ६.२५ पैसे. हा पाव पैसा कुणाच्या गल्ल्यात जायचा, यावर मामंजी हसायचे, पण उत्तर देत नसत.

बेरजेत पॉइंटखाली पॉइंट

समजा बिल असं आहे: तांदूळ १२८.५, गूळ ४६.७५, माचीस ९, तेल २१२.०८. पोरं आकडे उजव्या कडेला टेकवून मांडतात, आणि माचिसचे नऊ रुपये नऊ पैसे होऊन बसतात. उजवी कड विसरा. कागदावर आधी पॉइंटची एक उभी रांग काढा, मग आकडे तिच्या दोन्ही अंगांना बसवा. ९ ला पॉइंट दिसत नसला तरी तो त्याच्या उजवीकडे असतोच: ९.००.

१२८.५०
४६.७५
९.००
२१२.०८

तोंडी करायचं असेल तर रुपये वेगळे, पैसे वेगळे. रुपये १२८ आणि ४६, १७४. नऊ मिळवले, १८३. २१२ मिळवले, ३९५. पैसे ५० आणि ७५ आणि ८, १३३. म्हणजे एक रुपया तेहेतीस पैसे. एकूण ३९६.३३. गल्ल्यावर मी कायम असंच केलं. कागदावर उजवीकडून हातचे घेत येण्यापेक्षा यात चूक कमी होते, कारण मोठा आकडा आधी हाती लागतो.

आता गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली. वजाबाकी मांडू नका. ३९६.३३ पासून चढत जा. चारशेपर्यंत ३.६७, पाचशेपर्यंत आणखी १००. परत द्यायचे १०३.६७. शून्यातून उसने घेण्याची भानगडच नाही. बाजारात बसलेली कुठलीही भाजीवाली असेच पैसे परत करते; गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात उभं राहून ऐका.

अर्थात ६७ पैसे देणार कुठून? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण आमच्या कारंज्यावर ते पुढे केलं तर दुकानदार तुमच्याकडे बघेल. नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात आणि नाशकात सुट्ट्यांची बोंब, हे आमचं जुनं दुखणं; नोटा छापतात, नाणी नाहीत, त्याला काय करणार. म्हणून बिलाच्या शेवटी, आणि फक्त शेवटी, जवळच्या रुपयावर या. ५० पैशांच्या आत असेल तर खाली, ५० किंवा वर असेल तर वर. ३९६.३३ चे ३९६, परत १०४.

गुणाकाराआधी अंदाज

तूरडाळ १६४ रुपये किलो, घेतली २.३५० किलो. शेवटचं शून्य सोडा, २.३५ घ्या. लगेच गुणू नका. आधी दोन कुंपणं घाला. दोन किलोचे ३२८, अडीच किलोचे ४१०. उत्तर यांच्या मधेच कुठेतरी, चारशेच्या थोडं खाली. मग पॉइंट विसरून गुणा: २३५ × १६४ = ३८,५४०. आता पॉइंट परत आणा. २.३५ मध्ये पॉइंटपुढे दोन घरं, १६४ मध्ये एकही नाही, म्हणून उत्तरात दोन घरं: ३८५.४०. कुंपणाच्या आत आहे ना? झालं. घरं मोजताना कुणी चुकून ३८.५४ किंवा ३,८५४ लिहिलं तर कुंपणच सांगेल.

दोन्हीकडे पॉइंट असेल तर दोन्हीकडची घरं मोजून बेरीज करायची. १.५ × ०.७५ मध्ये एक आणि दोन, तीन घरं. १५ × ७५ = ११२५, म्हणून १.१२५. तोंडी म्हणाल तर पाऊण आणि त्याचं अर्धं.

आणि इथेच जुने पाढे कामाला येतात. चौऱ्याऐंशी रुपये किलोची साखर-रवा-पोहे काहीही धरा. पाव किलोचे २१. सव्वा किलो म्हणजे ८४ आणि २१, १०५. पाऊण किलो म्हणजे ८४ वजा २१, ६३. पावणेदोन किलो म्हणजे दोन किलोतून पाव काढा, १६८ वजा २१, १४७. पाव एकदा काढला की सगळं त्यावर चालतं. माझा नातू १.७५ × ८४ मोबाइलवर करतो. तो मोबाइल काढेपर्यंत माझं उत्तर येतं, हा माझा म्हातारपणातला छोटासा माज.

सराफ बाजारात जाल तेव्हाही हेच. समजा भाव ग्रॅमला ९,२०० आणि कानातले ४.३५० ग्रॅम. चार ग्रॅमचे ३६,८००. ०.३५ चे ३,२२०. मिळून ४०,०२०. मजुरी वेगळी, ती विचारून घ्या. नुसत्या सोन्यावर तीन टक्के जीएसटी म्हणजे ४०,०२० ला शंभराने भागून तीनाने गुणायचं. शंभराने भागणं म्हणजे पॉइंट दोन घरं डावीकडे: ४००.२०. तिप्पट १,२००.६०. तिथे मात्र पॉइंटपुढचं एकेक घर महाग असतं. ०.०५० ग्रॅम म्हणजे हिंगाची चिमूटही नाही, पण या भावाने ४६० रुपये.

दहा-शंभराची ही सरकासरकी माझ्या भावाला रोज लागते. निफाड तालुक्यात त्याचा कांदा आहे. लासलगावला भाव क्विंटलचा निघतो, आपण घेतो किलोने. क्विंटल म्हणजे शंभर किलो. १,८५० रुपये क्विंटल म्हणजे पॉइंट दोन घरं डावीकडे, १८.५० रुपये किलो. एवढं आलं की नाशकात भद्रकालीच्या बाजारात चाळीसने कांदा घेताना मधले साडेएकवीस रुपये कुठे गेले हा प्रश्न तरी विचारता येतो. एका खेपेला त्याच्या ट्रॅक्टरचं वजन २३.४० क्विंटल आलं. २३ चे ४२,५५०, आणि ०.४० म्हणजे चाळीस किलो, त्याचे ७४०. एकूण ४३,२९०. मग हिशेबपट्टीवर हमाली-तोलाई वजा होऊन काय उरतं ते तो बघतो. पण वरचा आकडा तो काट्यापाशीच तोंडी काढून ठेवतो.

भागाकार आणि तेलाची पिशवी

बायका मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हे: पंधरा किलोचा डबा परवडतो की एक लिटरचं पाऊच? इथे लिटर आणि किलो एक नाही. पाण्याचा लिटर किलोभर भरतो, तेल हलकं; एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम. पाऊचवर बारीक अक्षरात वजन छापलेलं असतं, ते वाचा. हल्ली दिसायला तेवढीच, पण आत कमी तेल भरलेली पाऊचंही येतात.

समजा ९१० ग्रॅमचं पाऊच १४५.६० रुपयांना आहे. किलोचा भाव काढायचा तर १४५.६० ला ०.९१ ने भागायचं. पॉइंटच्या आकड्याने भागायला जीव घाबरतो, म्हणून दोन्हीकडचे पॉइंट सारखेच सरकवा. दोन घरं उजवीकडे: १४,५६० भागिले ९१. उत्तर १६०. डबा समजा २,४३० ला, भागिले १५, १६२ रुपये किलो. म्हणजे या भावाने पाऊच किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त, डबा मोठा दिसतो म्हणून स्वस्त नाही. उलटाही निकाल लागतो. दर खेपेला मांडून बघा.

पोरं विचारतात, भागलं तर आकडा लहान व्हायला हवा, १४५ चे १६० कसे? अरे, किलोला नव्वद ग्रॅम कमी असूनच एवढे पडले, मग पूर्ण किलोला जास्त पडणारच. एकापेक्षा लहान आकड्याने भागलं की उत्तर वाढतं.

गाडीचं ॲव्हरेजही याच रीतीने. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करताना किती पेट्रोल मावलं ते बघा. ३४१ किलोमीटर, ६.२ लिटर. एकेक घर सरकवा, ३,४१० भागिले ६२, म्हणजे ५५.

पॉइंट नसलेले पॉइंट

आता सगळ्यात फसवा भाग. आपण कितीतरी ठिकाणी टिंब लिहितो, पण तो दशांशाचा नसतो.

आमच्या नात्यातल्या एकाने एक एकर वीस गुंठे जमीन खंडाने दिली, एकराला २४,००० या दराने. कागदावर लिहिलं १.२० एकर, कॅल्क्युलेटरवर मारलं, आले २८,८००. पण एकरात गुंठे चाळीस. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. १.५ × २४,००० म्हणजे ३६,०००. सात हजार दोनशे रुपये टिंबात गेले, आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नाही. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं, तिथे हेक्टरात आर शंभर, म्हणून तो टिंब खरा. तिथलं १.२० म्हणजे खरोखर एक पूर्णांक वीस शतांश हेक्टर. एकर सुमारे ०.४०४७ हेक्टर, म्हणून सातबाऱ्यावर ०.८१ दिसलं की दोन एकर समजा.

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारा मुलगा अंबडला कारखान्यात आहे. ओव्हरटाइम दोन तास पंधरा मिनिटं, तासाला १२० रुपये. त्याने २.१५ ने गुणून २५८ काढले. तासात मिनिटं साठ, पंधरा मिनिटं म्हणजे पाव तास, २.२५. पैसे २७०. क्रिकेटचं तसंच: ४.३ षटकं म्हणजे चार षटकं तीन चेंडू, खरी साडेचार. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ नव्हे, ५.५, कारण फुटात इंच बारा.

रीत एकच: टिंबाच्या उजवीकडचा आकडा पूर्ण किती झाल्यावर डावीकडे एक वाढतो ते विचारा. चाळीस, साठ, सहा, बारा, जे काही असेल त्याने उजवीकडच्याला भागा आणि मगच खरा पॉइंट लिहा. दहा असेल तर काहीच करायचं नाही; शंभर असेल तर फक्त दोन घरं भरलेली हवीत.

वाटणीतले उरलेले पैसे

मागच्या चैत्रात आम्ही सात जणी वणीला गेलो. गाडी, जेवण, ओटीचं सामान मिळून ३,४६०. भागिले सात, ४९४.२८५७ आणि पुढे थांबतच नाही. हिशेब ठेवणारीने ४९४.२९ लिहिलं. सातपट करा, ३,४६०.०३. तीन पैसे आकाशातून पडले! न संपणारा भागाकार मधेच कापला की असं होतं. म्हणून पुढे आणखी गुणाकार असतील तर मधे कापू नका, सगळं झाल्यावर एकदाच कापा. आम्ही प्रत्येकी ४९५ काढले, जमले ३,४६५, वरचे पाच आरतीच्या ताटात टाकले.

आता तुम्ही करून बघा. पनीर ४२० रुपये किलो, काट्यावर ०.३५०. आधी तोंडाने म्हणा: तीनशे पन्नास ग्रॅम. कुंपण घाला: पाव किलोचे १०५, अर्ध्याचे २१०, म्हणजे यांच्या मधे. ३५ × ४२० म्हणजे १४,७००, दोन घरं मागे, १४७. तुमच्या कॅल्क्युलेटरवर १४.७० आलं असेल तर मला दुकानाचा पत्ता कळवा, मी पिशवी घेऊन येते.